आधी जास्त, मग कमी : मॉरिशसच्या तरुणांची साठ वर्षे

१९६१ साली हिंदी महासागरातल्या मॉरिशस बेटाविषयी दोन इंग्रजी अहवाल पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. पहिला रिचर्ड टिटमस आणि ब्रायन एबल-स्मिथ या समाजधोरणाच्या अभ्यासकांचा. दुसरा अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांच्या नेतृत्वाखालील मंडळाचा. मीड यांना पुढे १९७७ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही अहवाल ब्रिटिश वसाहत सरकारने मागवले होते, आणि दोघांचेही म्हणणे थोडक्यात एकच होते : या बेटावर मुले फार झाली आहेत.

आज त्याच बेटावर नेमकी उलटी तक्रार ऐकू येते. मुले फार थोडी जन्मतात आणि जी मोठी होतात त्यांतली बरीच निघून जातात. साठ वर्षांत ‘जास्त’चे ‘कमी’ झाले. एवढ्या थोड्या काळात एखाद्या देशाचा प्रश्न असा पालथा होणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि लहान बेटावर ती काचेच्या भांड्यात ठेवल्यासारखी स्पष्ट दिसते. कोकणातून समुद्रापार गेलेल्या करारबद्ध मजुरांचा माग काढता काढता मी या बेटाच्या इतिहासाकडे वळलो. मजुरांच्या नोंदी वाचता वाचता त्यांच्या नातवंडा-पणतवंडांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मला अधिक ओढू लागला. प्रस्तुत लेख त्या नातवंडांविषयी आहे.

मोजणीत सापडलेली मुले

मॉरिशसचे मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे आहे, म्हणजे ढोबळमानाने गोव्याच्या निम्मे. इथे मूळचे रहिवासी कोणीच नाहीत. १५९८ साली डचांनी त्याला आपल्या राजपुत्राचे नाव दिले, पुढे ते सोडून गेले. फ्रेंचांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणून वस्ती वाढवली. १८१० मध्ये बेट इंग्रजांनी जिंकले. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली आणि उसाच्या मळ्यांसाठी मजूर हिंदुस्थानातून येऊ लागले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून आलेल्या छत्तीस जणांपासून हा ओघ सुरू झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसे पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. बहुसंख्य कलकत्त्याच्या बंदरातून, त्याखालोखाल मद्रासहून, आणि काही हजार मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि घाटावरच्या मुलखातले मराठी लोक होते. धक्क्यावरच्या कारकुनाने माणसाचे आणि त्याच्या बापाचे नाव लिहून घेतले आणि पुढे तेच आडनाव होऊन बसले. म्हणून तिथल्या मराठी घराण्यांची आडनावे आपल्याला पुष्कळदा आजोबांच्या नावासारखी वाटतात.

शंभर वर्षे या समाजाला दोन गोष्टींनी ताब्यात ठेवले होते : ऊस आणि हिवताप. उसामुळे काम मिळे, हिवतापामुळे माणसे मरत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४०च्या दशकाच्या अखेरीस, डीडीटीच्या फवारणीने हिवताप आटोक्यात आला. मृत्युदर कोसळला, जन्मदर मात्र होता तिथेच राहिला. एकेका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. १९५०च्या दशकात लोकसंख्या दरवर्षी तीन टक्क्यांच्या जवळपास वाढू लागली. १९६०च्या आरंभी ‘अॅलिक्स’ आणि ‘कॅरोल’ ही दोन चक्रीवादळे एकापाठोपाठ येऊन गेली. उसाचे उभे पीक झोपले, हजारो घरे मोडली. मीड आणि टिटमस यांनी आपली कोष्टके मांडली ती या पडझडीच्या पार्श्वभूमीवर.

मीड यांचा हिशेब साधा होता. बेटाची निर्यात म्हणजे जवळजवळ सगळी साखर. जमीन वाढणार नाही. उसाला लागणारी माणसे वाढणार नाहीत. दरवर्षी कामाच्या वयात येणाऱ्या मुलांची संख्या मात्र वाढत जाणार. मग या मुलांनी करायचे काय? मीड यांनी सुचवलेले उपाय असे : कुटुंबनियोजन करा, मजुरी फार वाढू देऊ नका, माणसे लागतील असे छोटे उद्योग काढा, आणि जमेल तेवढ्यांना परदेशी पाठवा. भविष्याबद्दल त्यांना फारशी आशा नव्हती. त्याच वर्षी लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी मॉरिशसला माल्थसच्या सिद्धान्ताचे उदाहरण म्हणूनच मांडले.

या हिशेबात चूक अशी नव्हती. पण त्यात तरुण माणूस हा केवळ एक आकडा होता : खाणारे तोंड आणि काम मागणारे दोन हात. तोच आकडा पंधरा वर्षांनी चालत रस्त्यावर येईल, हे कोष्टकात दिसण्यासारखे नव्हते.

एकच शिडी

मळ्यातून सुटायची वाट या समाजाला बरीच आधी सापडली होती. ती शाळेतून जात होती. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना गांधीजींचा मुक्काम या बेटावर पडला. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी तिथल्या हिंदी लोकांना सांगितल्याचे तिथे आजही आदराने सांगतात. १९०७ मध्ये त्यांच्याच सांगण्यावरून मणिलाल डॉक्टर हे बॅरिस्टर मजुरांचे खटले लढवायला तिथे गेले.

पण खरे काम केले ते गावोगावच्या बैठकांनी. बैठक म्हणजे संध्याकाळची शाळा, भजनाची जागा आणि गावचा कट्टा, सगळे एकत्र. १९४०च्या दशकात बासदेव बिसुनदयाल यांच्या ‘जन आंदोलना’ने या बैठकांतून शेकडो तरुण स्वयंसेवकांना मास्तर केले. दिवसभर मळ्यात किंवा कारकुनीत राबलेली ही मुले रात्री कंदिलाच्या उजेडात आपल्या आईबापांच्या वयाच्या माणसांना सही करायला शिकवत. त्या सहीचे मोल १९४८ साली कळले. नव्या नियमानुसार कोणत्याही परिचित भाषेत साधे वाचता-लिहिता येणाऱ्या प्रौढाला मताचा हक्क मिळाला आणि मतदारांची संख्या सुमारे सहापट झाली. बेटाच्या सत्तेचे पारडे त्या एका निवडणुकीत फिरले. हे घडवून आणणारे हात बहुतेक विशी-पंचविशीतले होते.

त्यावरची पायरी मात्र अतिशय अरुंद होती. रॉयल कॉलेज आणि तिथून इंग्लंडची शिष्यवृत्ती. वर्षाला बोटांवर मोजण्याइतकी मुले त्या शिडीने वर जात. जी शिष्यवृत्तीविना जात, त्यांच्या मागे सबंध कुटुंबाचे कर्ज असे. स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम १९२१ साली डॉक्टर होण्यासाठी लंडनला गेले ते १९३५ साली परतले. ते परतले म्हणून इतिहास झाला. न परतलेल्यांची यादी कोणी ठेवली नाही.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी लागते. या बेटाने आपल्या हुशार मुलाला पहिल्यापासून एकच बक्षीस दिले : बाहेर जाण्याचे तिकीट. आजच्या प्रश्नाचे मूळ त्या बक्षिसात आहे, असे माझे मत आहे.

बाहेरचा दरवाजा

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले, पण आनंद अर्धाच होता. आदल्या वर्षीच्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती. हिंदू बहुसंख्याकांच्या राज्यात आपले काय होणार, ही भीती क्रिओल, चिनी आणि फ्रेंच वंशाच्या पुष्कळांच्या मनात होती. १९६८च्या जानेवारीत पोर्ट लुईमध्ये क्रिओल आणि मुस्लिम टोळ्यांत दंगल पेटली, ती शमवायला ब्रिटिश सैन्य आणावे लागले. भांडणारे दोन्हीकडचे तरुण बहुतांशी बेकारच होते. काम मागणाऱ्या दर पाच जणांपैकी साधारण एकाला काम नव्हते.

ज्यांना शक्य होते ते गेले. फ्रेंच वंशाची आणि सुस्थितीतली क्रिओल कुटुंबे ऑस्ट्रेलियाला आणि युरोपला निघून गेली. मागे राहिलेल्या शिकलेल्या मुलामुलींनी आपले डोळे इंग्लंडच्या रुग्णालयांकडे लावले, कारण तिथे परिचारिका म्हणून शिकाऊ भरती होत असे. व्ही. एस. नायपॉल यांनी याच सुमारास बेटाला भेट देऊन एक प्रदीर्घ लेख लिहिला. त्याच्या शीर्षकात त्यांनी बेटाला गर्दीने भरलेली गुलामकोठडी म्हटले. हातात प्रमाणपत्र, डोक्यात इंग्लंड आणि दिवसभर करायला काही नाही, असे तरुण त्या लेखात जागोजाग भेटतात. नायपॉल स्वतः त्रिनिदादच्या करारबद्ध मजुरांचे वंशज. बेटावरची कोंडी आणि सुटण्याची घाई त्यांना आतून ठाऊक होती. मात्र ती कोठडी आतून उघडता येईल, ही शक्यता त्यांनी धरली नाही. मीडप्रमाणेच त्यांनाही दरवाजा एकच दिसला, बाहेरचा.

याच काळात घराघरात एक शांत बदल चालला होता. कुटुंबनियोजनाची संघटना १९५७ मध्ये निघाली होती. कॅथलिक चर्चचा साधनांना विरोध होता, म्हणून १९६३ मध्ये नैसर्गिक पद्धती शिकवणारी दुसरी संस्था निघाली. सरकारने शहाणपणा असा केला की दोघींनाही मदत दिली आणि भांडण वाढू दिले नाही. मुली अधिक वर्षे शाळेत राहू लागल्या, लग्नाचे वय वाढले. एकेका बाईमागची मुलांची सरासरी दहा-बारा वर्षांत सहावरून साडेतीनच्या आसपास आली. जगात इतक्या झपाट्याने, आणि सक्तीशिवाय, झालेली ही घट मोजक्या उदाहरणांपैकी आहे. पण जी मुले आधीच जन्मली होती, त्यांचे काय?

सुईदोऱ्याची पिढी

त्यांच्यापैकी मुलींना उत्तर मिळाले ते कापडाच्या गिरण्यांत. १९७० साली निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. त्यामागे एदुआर लिम फात या प्राध्यापकांची कल्पना होती. तैवानसारख्या ठिकाणी छोट्या उद्योगांनी काय साधले, ते त्यांनी पाहिले होते. कारखाना बेटावर कुठेही काढा, कच्चा माल जकातीशिवाय आणा, काही वर्षे कर भरू नका, मात्र माल परदेशी विका, असा सौदा होता. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धात साखरेचे भाव चढले आणि मळेवाल्यांनी त्या नफ्यातला काही भाग कारखान्यांत घातला. पुढे लोमे कराराने युरोपची बाजारपेठ जकातीविना उघडली, आणि १९८०च्या दशकात हाँगकाँगचे कारखानदारही आले. ज्या बेटावर मेंढ्यांचे कळप नाहीत आणि थंडी जवळजवळ नाही, ते जगातल्या लोकरी स्वेटरांच्या मोठ्या निर्यातदारांत गणले जाऊ लागले.

हे स्वेटर विणणाऱ्या कोण होत्या? आरंभीच्या वर्षांत या कारखान्यांतल्या दर दहांपैकी सुमारे आठ कामगार स्त्रिया होत्या आणि बहुतेक तरुण, अविवाहित. कारण उघड आहे : स्त्रियांचे किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठेवले होते. कायद्याने जादा कामाची सक्ती करता येत असे, आणि युनियन बांधणे अवघड होते. पहाटे कारखान्याची गाडी गावच्या नाक्यावर येई, रात्री उशिरा परत सोडी. आईबाप आधी कुरकुरले. मुलीने रात्री परक्या पुरुषांबरोबर गाडीतून यायचे, हे भोजपुरी, तमिळ, मराठी, मुस्लिम अशा कोणत्याच घराला रुचणारे नव्हते. पण महिन्याच्या शेवटी पाकीट घरात आले आणि कुरकुर मंदावली.

या मुलींच्या वाट्याला शोषण आले हे खरेच, आणि त्याच पगाराने त्यांना घरात आवाज दिला हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, हे मान्य केल्याशिवाय मॉरिशसचा ‘चमत्कार’ कळत नाही. भावाची फी, घराचे पक्के छप्पर, स्वतःच्या लग्नाचा खर्च, असे पुष्कळ काही त्या पाकिटातून झाले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस या क्षेत्रात नव्वद हजारांच्या आसपास माणसे काम करत होती आणि बेकारी जवळपास संपली होती. मीड यांनी ज्या मुलांना काम कसे मिळणार म्हणून चिंता केली, त्या मुलांची निम्मी संख्या, म्हणजे मुली, त्यांच्या हिशेबाबाहेरून आल्या आणि हिशेब फिरवून गेल्या. छोटे उद्योग काढा हा सल्ला मीड यांचाच होता, हेही सांगायला हवे. पण त्या उद्योगांत येऊन बसायला कोण तयार होईल, याची कल्पना कोणालाच नव्हती.

पुलावरचा मंगळवार

मुलग्यांचे आणि शाळकरी मुलांचे उत्तर वेगळे होते. १९६९ साली पॉल बेरांजे, देव विरासामी आदी तरुणांनी ‘मुव्हमां मिलितां मोरिसियें’, म्हणजे मॉरिशसची लढाऊ चळवळ, हा पक्ष काढला. बेरांजे तेव्हा पंचविशीचेही नव्हते. जात-धर्माच्या गणितावर चालणाऱ्या राजकारणात हा पक्ष कामगार आणि बेकार तरुण यांच्या नावाने उभा राहिला आणि क्रिओल या बोलीत बोलू लागला. सगळ्यांच्या घरात बोलली जाणारी ही भाषा तोवर सभ्य जागी बोलत नसत. १९७१ मध्ये गोदी आणि वाहतूक संपांनी बेट थांबवले. सरकारने आणीबाणी पुकारली, नेत्यांना कैद केले, आणि १९७२ मध्ये व्हायच्या निवडणुका १९७६ पर्यंत ढकलल्या.

त्या कोंडीत २० मे १९७५ हा दिवस उगवला. त्या मंगळवारी निरनिराळ्या गावांतल्या कॉलेजांतली (तिथे माध्यमिक शाळेलाच कॉलेज म्हणतात) हजारो मुलेमुली वर्ग सोडून राजधानीकडे निघाली. सरकारी कॉलेजे थोडी आणि चांगली, खासगी पुष्कळ आणि महाग. एकाच देशात एकाच वयाच्या मुलांना दोन दर्जांचे शिक्षण का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. पोर्ट लुईच्या वेशीवर ग्रां रिव्हिएर नॉर्थ वेस्टच्या पुलापाशी पोलिसांनी त्यांना अडवले आणि अश्रुधूर सोडला. गणवेशातली मुले पांगली, पण प्रश्न पांगला नाही.

याचे फळ फार लवकर आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. पुढच्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर सरकारने माध्यमिक शिक्षण मोफत करण्याची घोषणा केली आणि जानेवारी १९७७ पासून ती अमलात आली. १९७६ च्या निवडणुकीत बेरांजेंचा पक्ष सर्वांत मोठा ठरला. बाकीच्यांनी एकत्र येऊन त्याला सत्तेबाहेर ठेवले, पण १९८२ मध्ये तो आणि त्याचा मित्रपक्ष मिळून मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा जिंकून गेला.

पुलावरच्या मुलांची वये पाहा. १९५८ ते १९६० च्या सुमारास जन्मलेली ती मुले. म्हणजे टिटमस आणि मीड यांच्या कोष्टकांतली ‘जास्तीची’ मुले तीच. मोजताना ती ओझे होती. पंधरा वर्षांनी त्यांनीच देशाला असे दोन हक्क मिळवून दिले, ज्यांच्या जोरावर पुढच्या पिढीने कारखाना, हॉटेल, बँक आणि संगणक असा प्रवास केला. मोफत शिक्षण नसते तर सुईदोऱ्याच्या पिढीची मुले मशिनीवरच राहिली असती.

चमत्काराच्या सावलीत

यशाबरोबर जुने आजारही वाढले. शिडी रुंद झाली, तरी वरचे टोक अरुंदच राहिले. प्राथमिक शाळेच्या शेवटी, अकराव्या-बाराव्या वर्षी, मुलाला देशव्यापी परीक्षा द्यावी लागे आणि तिच्या गुणांवर नामवंत कॉलेज ठरे. अनेक वर्षे या परीक्षेत राष्ट्रीय क्रमवारी लावली जात असे. म्हणून शिकवण्या आल्या, आणि शाळा दुय्यम ठरली. आपल्याकडच्या वाचकाला हे चित्र समजावून सांगायला नको. ही परीक्षा २०१७ मध्ये बदलली, पण शिकवण्यांची सवय मोडली नाही.

भाषेचा गुंता याहून खोल आहे. मूल घरी क्रिओल बोलते, वर्तमानपत्र फ्रेंच वाचते, परीक्षा इंग्रजीत देते, आणि शिवाय पूर्वजांची म्हणून हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी यांपैकी एक भाषा शिकते. मराठी तिथे प्राथमिक शाळेपासून शिकवली जाते आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षणही मिळते. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. आपल्याला याचा अभिमान वाटतो, आणि वाटावाही. मात्र तिथल्या मराठी तरुणाला ही भाषा शिक्षकाच्या नोकरीपलीकडे कुठे नेते, हा प्रश्न आपण विचारत नाही. त्याच्या आजीच्या तोंडी ती होती, त्याच्या तोंडी ती विषय म्हणून आहे. घरची क्रिओल मात्र २०१२ पर्यंत शाळेच्या वेळापत्रकात नव्हती. पहिल्या इयत्तेत जे मूल फक्त क्रिओल जाणते, ते इंग्रजी पुस्तकापुढे मुके होते, आणि अशी मुले सर्वांत अधिक गरीब क्रिओल वस्त्यांत होती.

त्या वस्त्यांतला राग १९९९च्या फेब्रुवारीत फुटला. सेगे या संगीतप्रकाराचा लाडका गायक काया याला एका कार्यक्रमात गांजा ओढल्यावरून अटक झाली आणि पोलीस कोठडीत त्याचा मृत्यू झाला. कित्येक दिवस बेट जळत होते. चमत्कार सगळ्यांच्या घरी पोहोचला नव्हता, हे गुलामांच्या वंशजांनी त्या आठवड्यात दाखवून दिले.

नंतर एकेक खांब हलला. २००४ संपताना जागतिक कापड व्यापारातली कोटापद्धत गेली. कारखाने स्वस्त देशांकडे वळले आणि पंचविशीत मशिनीवर बसलेल्या बायका पन्नाशीला आल्यावर घरी पाठवल्या गेल्या. २००६ ते २००९ मध्ये युरोपने साखरेचा हमीभाव ३६ टक्क्यांनी उतरवला. देशाने एबेन येथे सायबर नगरी उभी केली, तीत भारताचेही साहाय्य होते. बँका, कॉल सेंटरे, पर्यटन यांनी नवे रोजगार दिले. २०१९ पासून सरकारी विद्यापीठातली पहिली पदवीही मोफत झाली. तरीही पंधरा ते चोवीस वयोगटातली बेकारी एकूण बेकारीच्या तिपटीच्या आसपास राहिली आहे. एकीकडे पदवीधर घरी आणि दुसरीकडे कारखाने, बांधकामे, बेकऱ्या यांत बांगलादेश, भारत, मादागास्कर इथून आणलेले कामगार. आजोबा ज्या प्रकारे कराराने आले, त्याच प्रकारे आता त्यांच्या नातवाच्या देशात दुसरे येतात.

नातू कुठे जातो? क्रूझ जहाजांवर, कॅनडात, फ्रान्समध्ये, इंग्लंड-ऑस्ट्रेलियात. दरवर्षी परीक्षेत पहिल्या आलेल्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळते. त्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर झळकतात, आणि त्यांतले कितीतरी परत येत नाहीत. वस्त्यांतल्या काहींना तर विमानही लागत नाही. कृत्रिम अमली पदार्थ गेल्या दशकभरात तिथल्या शाळांच्या दारापर्यंत पोहोचले आहेत.

दरम्यान एका बाईमागे मुलांची सरासरी १.४ च्या घरात आली. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास थबकली आहे. १९५८ पासून साठीनंतर सर्वांना मिळणारे निवृत्तिवेतन ही या देशाची मोठी मिळकत. पण ते भरणारे हात कमी होऊ लागल्याने २०२५च्या अर्थसंकल्पात पात्रतेचे वय हळूहळू ६५ पर्यंत नेण्याचे ठरले आणि लोक रस्त्यावर आले. साठ वर्षांपूर्वी म्हाताऱ्यांना प्रश्न होता की इतक्या मुलांना खायला काय घालायचे. आता प्रश्न आहे की इतक्या म्हाताऱ्यांना पोसायला मुले कुठून आणायची.

उसाची पाने आणि साठ जागा

तरीही या पिढीला निष्क्रिय म्हणता येत नाही. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळात रुतले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातले तेल खाडीत पसरू लागले. सरकार हलण्याची वाट न पाहता हजारो माणसे, त्यांत असंख्य तरुण, किनाऱ्यावर धावली. उसाची वाळलेली पाने कापडात भरून त्यांनी लांबलचक तरंगते बांध शिवले आणि तेल अडवले. त्यासाठी लोकांनी केससुद्धा कापून दिले. ज्या उसाने पूर्वजांना बांधून ठेवले, त्याच उसाची पाने आणि ज्या शिवणकामाने आजीला उभे केले तोच सुईदोरा, एवढ्यावर हे काम झाले. महिनाअखेर पोर्ट लुईमध्ये प्रचंड मोर्चा निघाला.

चार वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत, सत्ताधारी पक्ष मुख्य बेटावरच्या साठही जागा हरला. मतदानाच्या तोंडावर सरकारने समाजमाध्यमे बंद करून पाहिली होती, तो निर्णय दुसऱ्याच दिवशी मागे घ्यावा लागला. निवडून आलेल्या सरकारचे पंतप्रधान नवीन रामगुलाम, १९४७चा जन्म आणि पहिल्या पंतप्रधानांचे पुत्र. उपपंतप्रधान पॉल बेरांजे, १९४५चा जन्म. १९६९चा बंडखोर तरुण पंचावन्न वर्षांनंतरही सत्तेच्या खुर्चीवर होता. यात बेरांजेंचा दोष शोधण्यापेक्षा, त्यांच्या मागून येणाऱ्या दोन पिढ्यांना तिथवर का पोहोचता आले नाही, हे विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे याचे उत्तर या इतिहासातच आहे. मॉरिशसने तरुणांना बाहेरचा दरवाजा नेहमीच उघडा ठेवला : शिष्यवृत्ती, परिचारिकेची नोकरी, जहाज, व्हिसा. आतला दरवाजा उघडला तो मोजक्या वेळी, आणि प्रत्येक वेळी तरुणांनी ढकलला म्हणून. १९४८ची सही, १९७०च्या दशकातल्या कारखान्याच्या मुली, १९७५चा पूल. दर वेळी बेट पुढे सरकले. आणि दर वेळी काम झाल्यावर दरवाजा पुन्हा अर्धा ओढून घेतला गेला. मुली कारखान्यात हव्या होत्या, मालकीत किंवा मंत्रिमंडळात फारशा नाहीत. मुलांचे मत हवे होते, नेतृत्व नको. तेल पुसायला हात हवे होते, किनाऱ्याचा निर्णय घ्यायला नकोत. अशा घरातून माणूस निघून गेला तर त्याला कृतघ्न म्हणणे सोपे असते.

आणि हे फक्त दूरच्या बेटाचे नाही. ज्या रत्नागिरीतून काही मराठी कुटुंबे तिकडे गेली, त्या जिल्ह्याची आणि शेजारच्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत आधीच्या दशकापेक्षा घटलेली निघाली. तिथेही शंभर वर्षे हुशार मुलाला बक्षीस म्हणून मुंबईची वाटच दाखवली गेली. चाकरमान्याची मनीऑर्डर आली, घर कौलाचे झाले, आणि पुढे त्या घराला कुलूप लागले. गणपतीत ते कुलूप निघते. मॉरिशसमधल्या मराठी घरातही गणपतीच्या दिवसांत परदेशातला मुलगा फोनच्या पडद्यावर आरतीला हजर असतो.

पुढचा अहवाल कोणी लिहील तेव्हा त्यात आकडे असतीलच : किती जन्मले, किती गेले, किती उरले. १९६१च्या दोन्ही पुस्तकांतही ते होते आणि काळजीपूर्वक जमवलेले होते. त्या पुस्तकांत नव्हती ती एकच गोष्ट, ज्यांची मोजणी झाली त्यांचे म्हणणे. ते ऐकण्यासाठी देशाला चौदा वर्षे थांबावे लागले, आणि मग ते पुलावरच्या अश्रुधुरातून आले. या वेळी तितके थांबायला मॉरिशसकडे तितकी मुले नाहीत.